एका गणातल्या तिघी

कपाट आवरायला घेतलं, तिथेच रविराज चुकला. सोनिया बचतगटाच्या मीटिंगला गेली होती. दारात बोहारीण आली आणि त्याने कसर लागलेलं एक घोंगडं देऊन निळा प्लास्टिकचा टब घेतला. सौदा झकास झाला म्हणून स्वारी खूश! बोहारीण वळणाआड गेल्यावर त्याला आठवलं, की घोंगडं सोनियाच्या आबांचं होतं. घरच्या मेंढरांच्या लोकरीचं, आटपाडीला विणून घेतलेलं. आबा गेले आणि लेकीकडे त्यांचं म्हणून तेवढंच राहिलं होतं.

दुसरा कोणी असता तर बोहारणीमागे पळाला असता. पण रविराज कडेगावच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट (म्हणजे परीक्षानळ्या धुणारा). पंचवीस वर्षं दाराआडून ऐकलेली केमिस्ट्री तो रोज जेवताना बायकोला ऐकवायचा. "लिथियम, सोडियम, पोटॅशियम, एकाच गणातले. आत काही का असेना, सगळ्यात बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन एकच. अन् तो देऊन टाकायची तिघांनाही घाई. म्हणून वागणं सारखं!"

तेव्हा बायकोला सांगण्याआधी त्याच गणातला छोटा नमुना तपासावा, असं त्याने ठरवलं. धाकटी मेहुणी मंगल लोणंदला दिलेली. तिला फोन लावला.

"मंगल, आबांचं घोंगडं समजा कुणाला दिलं तर?"

"आवं दाजी, कसरीनं खाल्लंय त्ये. जरा वाईट वाटंल, पर जाऊ द्या."

लिथियम नुसतं बुडबुडलं! मग सोडियम कितीसं करणार? (गणात खाली जावं तसा तो बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब पडतो आणि आणखी चटकन सुटतो, हे सर सांगत होते तेव्हा रविराज बादली भरायला गेला होता.)

सोनियाला सांगितलं. पाण्यावर सोडियम पळतं तशी ती आधी कपाटाकडे, मग दाराकडे, मग अंगणात पळाली. टब रस्त्यावर गेला. मग ती पायरीवर बसून रडायला लागली, तेव्हा मात्र रविराजला स्वतःची खरंच लाज वाटली. रडणं ओसरल्यावर तिने आईला फोन केला.

सकाळच्या पहिल्या एसटीने सासूबाई धोंडुबाई उतरल्या. लुगडं जांभळं. पोटॅशियमची ज्वाळाही जांभळीच असते. रविराजने ती आजवर काचेपलीकडून पाहिली होती.

"पाव्हणं, बोहारीण ऱ्हाती कुटं?"

"मामी, त्याचं असं झालं की..."

"घर दावा!"

त्याने ओसरीवरूनच हात करून गल्ली दाखवली आणि न्हाणीघर गाठलं. तासाभराने धोंडुबाई घोंगडं खांद्यावर टाकून परत आल्या. सोनियाने ते छातीशी धरलं. वादळ टळलं म्हणून रविराजने सुस्कारा सोडला, तोच त्याची नजर ओसरीच्या खुंटीवर गेली. उद्या कॉलेजात पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल त्याचा सत्कार होता. त्यासाठी इस्त्री करून टांगलेला सफारी जागेवर नव्हता.

"माझा सफारी कुठाय?"

"बोहारीण फुकट देती व्हय?" धोंडुबाई म्हणाल्या.

"पण मला न विचारता?"

सोनियाने घोंगड्याची घडी घातली. "तुमीच सांगता न्हवं, आमच्या गणाला सगळ्यात बाहेरचं एक देऊन टाकायची लय घाई असती? बाहेरच्या खुंटीला तेवढंच एक व्हतं."