कूलरवर चालणारं विमान

विमानाचं इंजिन उघडून ठेवल्याला तीन आठवडे झाले होते, आणि तीन आठवडे फेलिक्स बाराहास रोज संध्याकाळी पाच वाजता फीनिक्सच्या रेडिओवर "आकाशातून" रहदारीच्या बातम्या देत होता. विमान शहराबाहेरच्या लहानशा विमानतळावर, हँगरमध्ये पडून होतं. फेलिक्स त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसे आणि फोन कूलरसमोर धरी. जुना कूलर घरघरला, की ऐकणाऱ्याला विमानाचा पंखाच वाटे.

"आज वरून काय दिसतंय?" मेकॅनिक हार्लनने विचारलं.

"तुझं टक्कल," फेलिक्स म्हणाला.

पोलिसांचा वायरलेस ऐकायचा आणि उरलेलं अंदाजाने ठोकायचं. बावीस वर्षांत कुठला रस्ता कधी तुंबतो हे त्याला पाठ झालं होतं. उलट बातम्या सुधारल्या होत्या, कारण स्वतः विमान चालवत वर गेलं की त्याला मळमळायचं. खरं सांगायची सोय नव्हती. "विमान बसलं की तुझा कार्यक्रमही बसला," असं स्टेशनचा मालक रॉय याने बजावलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं काम कोण देणार? बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं. ग्रासिएलाच्या पोटात काही राहत नसे.

त्या दिवशी उन्हामुळे हँगरची दारं लावलेली होती. "हवा अगदी स्वच्छ आहे, पार डोंगरापर्यंत दिसतंय," फेलिक्सने सांगितलं.

"फेलिक्स," स्टुडिओतून रॉयचा आवाज आला, "दक्षिणेकडून धुळीची भिंत येतेय. आम्हाला खिडकीतून दिसतेय, तुला नाही दिसत?"

"दिसतेय की. तिच्या कडेकडेनेच चाललोय."

एवढं बोलतोय तोवर वादळ हँगरवर आदळलं आणि वीज गेली. कूलर दोनदा खोकला आणि गप्प झाला. पत्रे किंचाळू लागले. फेलिक्स "अरे देवा," म्हणाला आणि फोनही मेला.

हार्लनने बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर लावला. रॉय सांगत होता, "श्रोतेहो, तुम्हीही ऐकलंत. आपल्या फेलिक्सचं इंजिन बंद पडलंय." पाठोपाठ लोकांचे फोन सुरू झाले. एक बाई म्हणाली, त्याच्यामुळे मी कधी कामावर उशिरा पोहोचले नाही. आपल्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललेलं फेलिक्सने जन्मात ऐकलं नव्हतं. मग ग्रासिएलाचा आवाज आला. ती नुसती रडत होती. फेलिक्सला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आता काय करू?"

"उतर," हार्लन म्हणाला.

"कशातून?"

"ते नंतर बघू. आधी बाहेर जाऊन धूळ खा."

धूळ बसली तेव्हा रॉय आणि ग्रासिएला गाडीतून उतरत होते. फेलिक्स धावपट्टीवर उभा होता, पापण्यांपासून बुटांपर्यंत मातीचा. ग्रासिएलाने त्याला असं आवळलं की त्याचा श्वास कोंडला.

"विमान कुठंय?" रॉयने विचारलं.

"आत ढकललं," हार्लन म्हणाला.

रॉय आत डोकावला. "एवढ्यात इंजिन खोललंसुद्धा?"

"मला धीर नाही निघत."

रॉयने डोळे पुसले. "बंद इंजिनाने, धुळीत, एकही ओरखडा न येता उतरवलंस. बावीस वर्षं मी तुला नुसता बडबड्या समजत होतो. माफ कर. उद्यापासून पगार वाढला."

फेलिक्सच्या जिवात जीव आला. तो तोंड उघडणार, तेवढ्यात ग्रासिएलाने त्याचा हात धरला.

"उद्या नाही. मी ग्वादालूपच्या मेरीमाउलीला नवस बोललेय. हा जिवंत खाली आला तर पुन्हा म्हणून विमानात पाय ठेवणार नाही."

"अगं, कधी बोललीस?"

"रेडिओवर. अख्ख्या शहराने आमेन म्हटलंय."

रॉयने टोपी काढली. "मग कार्यक्रमही बसला, फेलिक्स. माझ्या हातात काही नाही राहिलं."

फेलिक्सने हार्लनकडे पाहिलं. हार्लन बुटांकडे पाहत होता. खरं सांगून टाकावं असं फेलिक्सला फार वाटलं, पण ग्रासिएला त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. बऱ्याच वर्षांनी ती अशी हसत होती.

"बरं," तो म्हणाला, "नाही उडणार."