पलंग कोणत्या काउंटीत?

सव्वीस वर्षं मी वॉब्रिज काउंटीचा, म्हणजे या जिल्ह्याचा, निवडून आलेला मोजणीदार आहे आणि या सव्वीस वर्षांत माझी मोजणी बोटभरही चुकलेली नाही! दोन शेतकरी हद्दीवरून एकमेकांच्या अंगावर ट्रॅक्टर घालायला निघाले, तरी "डेलमर हॅस्केटने मोजलंय" म्हटलं की निमूट घरी जातात.

त्यामुळे राज्याने घोडागाडीच्या काळातला जमीन-मोजणीचा कायदा बदलायला काढला, तेव्हा मी लगेच सूचना धाडली: काउंटीचा मोजणीदार त्याच काउंटीत राहणारा हवा, आणि राहणारा म्हणजे तिथेच झोपणारा! कायद्याच्या भल्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर ती शेजारच्या केल्सो काउंटीचा मोजणीदार रोलिन फिस्टर याला अडवायला होती. या गृहस्थाचं एका काउंटीने भागत नव्हतं; नोव्हेंबरच्या निवडणुकीत तो माझ्या खुर्चीसाठीही उभा राहणार होता. सूचना जशीच्या तशी मंजूर! मी आठवडाभर शीळ घालत फिरलो.

पुढचं कलम मात्र मी वाचलंच नव्हतं. काउंट्यांच्या हद्दीवरचे जुने दगड शोधायचे, उपग्रहाच्या यंत्राने त्यांच्या जागा पुन्हा मोजायच्या आणि दोन्हीकडच्या मोजणीदारांनी सह्या करायच्या.

सोयीचं म्हणून मी घराजवळूनच सुरुवात केली. एक दगड उत्तरेला ओढ्याकाठी सापडला, दुसरा दक्षिणेला, व्हर्नाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, भाजीच्या वाफ्याखाली. दोन्हींमधली रेघ यंत्राच्या पडद्यावर उमटली. रेघ माझ्या घरातून जात होती! आजवर सगळे मागच्या कुंपणालाच हद्द समजत होते. सगळ्यांत मीही आलोच.

यंत्राची बॅटरी बदलली. पुन्हा मोजलं. टोपी काढून मोजलं, टोपी घालून मोजलं. रेघ तसूभर हलेना.

"व्हर्ना, स्वयंपाकघर वॉब्रिजमध्ये आहे."

"ते मला माहीत आहे."

"झोपायची खोली केल्सोत आहे."

"म्हणजे मी तीस वर्षं परगावी झोपतेय?" ती हसत सुटली. "आणि तू?"

"हसू नकोस! माझी नोकरी गेली! दोन वाजता फिस्टर सहीला येतोय. पलंग उचल!"

"कुठे?"

"स्वयंपाकघरात!"

तिच्या आईचा ओक लाकडाचा पलंग. गाभण म्हशीसारखा जड! ओढत ओढत दारापर्यंत आणला आणि तिथे तो असा अडकला की पुढे जाईना, मागे येईना. मी वॉब्रिजच्या बाजूला, व्हर्ना केल्सोच्या बाजूला.

"तिरका कर!"

"तूच हो तिरका!"

तेवढ्यात मागच्या दारातून फिस्टर यंत्र खांद्यावर घेऊन आत. घड्याळात पावणेदोन!

"डेलमर, घर बदलतोयस?"

"साफसफाई चाललीय!"

त्याने आपल्या यंत्राकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, माझ्या घामाकडे पाहिलं. त्याला सगळं उमगलं. मला वाटलं, आता हा गावभर दवंडी पिटणार. पण तो हळूच म्हणाला, "दगड तीन पावलं सरकवू या का? मी पाहिलं नाही असं समजेन."

खरं सांगतो, क्षणभर माझा हात भिंतीला टेकवलेल्या फावड्याकडे गेला. खुर्ची वाचत होती. मग ते ट्रॅक्टरवाले शेतकरी आठवले. त्यांना मी कोणत्या तोंडाने हद्द दाखवणार होतो?

"नको," मी म्हणालो. "आहे तिथेच लिही."

"लिहितो. पण आधी दार काढू या."

त्याने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, खांदा लावला, आणि पलंग फ्रिजशेजारी जाऊन टेकला. मग आम्ही दोघांनी सह्या केल्या. त्याने बूट पुसले, व्हर्नाच्या हातची कॉफी घेतली आणि तिला दोनदा धन्यवाद म्हणाला.

मी वॉब्रिजचा मोजणीदार राहिलो. कायद्याप्रमाणे रोज फ्रिजच्या घरघरीत झोपतो. व्हर्नाने मात्र नवा पलंग घेतला आणि खोली सोडायला साफ नकार दिला. आता तिचं नाव केल्सोच्या मतदारयादीत आहे आणि परवा तिने अंगणात रोलिन फिस्टरच्या केल्सोतल्या प्रचाराची पाटी रोवली.

"अगं, त्याला मत देणार तू?"

"माणूस मदतीला येतो. आणि हो, आत यायचं तर दार वाजवून ये. हा केल्सोचा अंतर्गत मामला आहे!"

नियमात बसतं. मी मोजून पाहिलंय.