दातवाल्याचा घोडा

घरात बसून दुसऱ्यांच्या प्रवासाला हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. मी ते अवाढव्य माळरान पार केलं, तेही घोड्यावरून, मेहुण्याच्या नाकावर टिच्चून!

पैज त्यानेच लावली होती. "भाऊजी, भटक्या मेंढपाळांच्या मुलुखातून नदीपर्यंत पोचून दाखवा. सायकल चालेल, घोडा चालेल, पण पायी पोचलात तर हरलात. मग मुकाट्याने माझ्या रंगाच्या दुकानात डबे हलवायचे!"

"अहो, दुकानात सावली तरी आहे," बायको म्हणाली. मी ऐकतोय होय! दोघांच्या दोन सायकली काढल्या आणि निघालो.

माळरानातल्या एका खड्ड्यात माझं चाक असं वाकलं की त्याला गोल म्हणणं म्हणजे गोलाचा अपमान! तेवढ्यात समोरून एक घोडेस्वार आला. त्या मोडक्या सायकलीच्या बदल्यात त्याने खाणाखुणांनी अख्खा घोडा देऊ केला, वर पकडींची चामडी पिशवी फुकट!

"नाल ठोकायची हत्यारं असणार," मी बायकोला समजावलं.

तो माणूस सायकल खांद्यावर टाकून चक्क पळत सुटला.

"एवढी कसली घाई त्याला?"

"मूर्ख आहे गं! फसलाय बिचारा!"

पहिल्याच तंबूपाशी घोडा आपोआप थांबला. आतून एक दणकट मेंढपाळ आला आणि माझ्यापुढे भलामोठा आ करून उभा राहिला. मी ओळखलं, हा इथला नमस्कार! पाहुण्याने कमी पडू नये म्हणून मीही खोगिरावरून वाकून त्याच्याहून मोठा आ केला. दोघं एकमेकांच्या पडजिभा बघतोय!

"अहो, गाल सुजलाय त्याचा!" बायको ओरडली. "हा घोडा दात उपटणाऱ्याचा आहे!"

मी मान हलवेपर्यंत गड्याने पिशवीतली पक्कड माझ्या हातात कोंबली, स्वतःच दातावर बसवली आणि माझ्या हातासकट हिसडली. दात बाहेर! त्याने अशी बोंब ठोकली की मेंढ्या उधळल्या. ती ऐकताच घोडा शांतपणे चालू लागला. गिऱ्हाईक आटोपलं, हे त्याला बरोबर कळत होतं.

बातमी पसरली. आपल्याकडे डॉक्टर पळाला तर पेशंट दारातच राहतात. इथे पेशंट घरं उचलून निघतात! भराभर तंबू सुटले, बैलांवर लादले गेले आणि अख्खा तांडा, मेंढरांसकट, गाल धरून माझ्यामागे!

अखेर नदी दिसली. पण काठाजवळच्या शेवटच्या तंबूपाशी घोडा थांबला. टाच मारली, विनवण्या केल्या, ढिम्म! तंबूतून एक आजी आल्या आणि थरथरत आ करून उभ्या राहिल्या. थेट माझ्या मावशीचा चेहरा! मी पक्कड पिशवीत खोल दडवली.

"माझी सायकल घ्या," बायको म्हणाली.

"बायकोच्या सायकलवर जिंकू? तुझा भाऊ जन्मभर ऐकवेल!"

"मग उपटा दात!"

"त्यांचा जबडा मोडला तर? जन्मभर डबे हलवीन, पण हे नाही!"

आणि मला युक्ती सुचली. घोड्याला हवी होती फक्त किंकाळी! मी गाल धरला, वाकलो, आ वासला आणि जीव खाऊन किंचाळलो. घोड्याने कानसुद्धा हलवला नाही. खोटं बोंबलणं त्याला कळत असावं. मी पुन्हा किंचाळलो.

आजींच्या डोळ्यांत एकदम माया दाटली. स्वतःचं दुखणं विसरून त्या पुढे झाल्या, पिशवीतली पक्कड काढली आणि माझी धडधाकट दाढ...

या खेपेची किंकाळी खरी होती! घोडा थेट पाण्यात जाऊन थांबला. मी तोंडात रुमाल कोंबून मेहुण्याला फोन लावला.

"पोचलो! घोड्यावरून! बोल आता!"

"मानलं, भाऊजी! परत कधी निघताय?"

मी ऐटीत मागे वळलो. तांड्याने परतीच्या वाटेवर दुतर्फा तंबू ठोकले होते आणि प्रत्येक दारात कुणीतरी आ करून बसलं होतं.

"दुकानाचा टेम्पो पाठवतोस का?" मी आवाज उतरवून म्हणालो. "उद्यापासूनच डबे हलवायला येतो!"