तापमानाची वही

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आमच्या घरात अचानक शांतता पसरली, आणि पाठोपाठ 'टक्' असा बारीक आवाज झाला. कपाटाची कडी बसताना होतो, तेवढाच. इतरांच्या घरात दुपारची शांतता म्हणजे विश्रांती. आमच्या घरात ती आणीबाणी असते. मी हातातली ओली कढई तशीच टाकून छोट्या खोलीकडे धावले.

छोट्या खोलीत गेले आठ महिने नाणी काढायचं मशीन चालतं. नाणी म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, हाताला न लागणारी, इंटरनेटवरची. मशीन मात्र चांगलं दिसतं: बुटांच्या दोन खोक्यांएवढं, पुढे दोन पंखे, मागे दोन पंखे, पोटात तीन बोर्ड, आणि आवाज असा, की मिक्सरमध्ये खडे टाकून कुणीतरी माहेरी निघून गेलंय. ते दिवसरात्र गणितं सोडवतं. कुणाची आणि कशासाठी, हे नवऱ्याने मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा तो स्वतःच मध्येच गप्प झाला.

मशीन त्याने आणलं. तो नऊला ऑफिसात जातो. मशीन घरी असतं, मीही घरी असते. एवढ्या भांडवलावर माझी देखभाल प्रमुख म्हणून नेमणूक झाली.

मशीनला थंड हवा लागते, म्हणून एसीवाली खोली त्याला मिळाली. ती आधी ठकीची होती. ठकी म्हणजे आमची मुलगी, वय साडेचार. ती आता आमच्या खोलीत, कपडे वाळत घालायच्या स्टँडखाली गादी टाकून झोपते आणि त्याला तंबू म्हणते. मशीनला धूळ सोसत नाही, म्हणून घरात चादरी झटकायला बंदी. विजेचा चढउतार सोसत नाही, म्हणून ते चालू असताना इस्त्री, मिक्सर आणि गीझर बंद. आणि ते चोवीस तास चालू असतं.

सासूबाई त्याला जावईबापू म्हणतात.

"एसीत बसायचं, कुणाचं ऐकायचं नाही, आणि रुसले की सगळ्यांनी मिळून समजूत काढायची," त्या म्हणतात. "दुसरं नाव शोधून तरी सापडेल का?"

तर जावईबापू रुसले होते. पंखे थांबलेले, लाल दिवा लुकलुकतोय. तीन आठवड्यांतली ही अकरावी वेळ. धावता धावता सोफ्यावर ठकी पडलेली मला दिसली. दुपारी कधीही आडवी न होणारी मुलगी आडवी झाली होती. दिसलं, आणि मी पुढे गेले.

पहिल्यांदा लाल दिवा लागला तेव्हा मी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला होता. 'तुमची अडचण आमच्यासाठी मोलाची आहे,' असं एका गोड आवाजाने सांगितलं, आणि मोलाची वस्तू जपून ठेवावी तशी त्यांनी ती ठेवून दिली. मग सूचना आल्या. ग्राहकाने रोज सकाळी मशीन बंद करून पंख्यांच्या पिना काढाव्यात, मऊ ब्रशने धूळ झाडावी, पिना परत लावाव्यात. दर अर्ध्या तासाला तापमान वहीत नोंदवून पानाचा फोटो पाठवावा. मशीन बंद असलं तरी नोंद बंद असू नये. नोंदीत खंड पडल्यास हमी रद्द समजावी.

मी वही आखली. तारीख, वेळ, तापमान, शेरा. शाळेत असताना माझी प्रयोगवही बाई वर्गात फिरवायच्या. तो जुना रोग उफाळून आला. लाल पेनाने समास, निळ्याने आकडे. धूळ झाडायला ठकीचा लहानपणचा दात घासायचा मऊ ब्रश. अंघोळीला जाताना मोबाइलवर गजर, भाजी चिरताना गजर. ठकीला गोष्ट सांगताना राक्षस गुहेबाहेर यायच्या बेताला गजर वाजायचा, मी उठायचे, आणि राक्षस गुहेतच राहायचा. तो बिचारा अजून तिथेच आहे.

वाचकांनी फार हसू नये. आपल्या फोनची बॅटरी आत्ता किती टक्के उरली आहे, ते तुम्हाला न बघता सांगता येईल. शेजारी बसलेलं माणूस आज पोटभर जेवलं का, ते विचारावं लागेल.

असो. मी पिना काढल्या, झाडल्या, लावल्या. लाल दिवा तसाच. अडीच वाजत आले.

"अगं, पोरीला हात लावून बघ जरा," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "मगाशी पाणीसुद्धा नको म्हणाली."

"बघते, अडीचची नोंद झाली की."

"एवढं तर मी तुझ्या सासऱ्यांचंही केलं नाही. आणि त्यांना तर खरोखरची हृदयाची गोळी होती."

मी एका काखेत वही घेऊन सोफ्याशी आले आणि ठकीच्या कपाळाला हात लावला. हात चटकन मागे आला. थर्मामीटर शोधून लावला. एकशे दोन. तेवढ्यात अडीचचा गजर वाजला. पुढे जे झालं त्याचं खापर मी कुणावरही फोडत नाही. एकवीस दिवसांच्या सवयीने हाताने पेन उचललं, अडीचसमोरच्या रकान्यात निळ्या शाईने सुबक एकशे दोन लिहिलं, फोटो काढला आणि पाठवून दिला.

एका मिनिटात फोन वाजला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा पलीकडे जिवंत माणूस होता, आणि तो घाबरलेला होता.

"मॅडम, एकशे दोन? शंभरच्या वर?"

"अहो, ते चुकून—"

"हात लावू नका! मेन स्विच बंद करा. खिडक्या उघडा. घरात लहान मूल आहे?"

"तेच तर सांगतेय, ते मुलीचं आहे."

"मशीन कुणाच्या नावावर आहे ते नंतर बघू, मॅडम. मूल बाहेर काढा. आमचा माणूस निघालाय."

फोन बंद. परत लावला, तर गोड आवाज आला आणि माझी अडचण मोलाची असल्याचं त्याने पुन्हा सांगितलं.

मग मी मुलांच्या डॉक्टरांकडे फोन लावला. स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, "परवा सकाळी साडेअकरा चालेल?"

"अहो, आत्ता एकशे दोन आहे."

"मग तातडीच्या यादीत टाकते. तुमचा नंबर नववा. डॉक्टर स्वतः फोन करतील, फोन जवळ ठेवा. तोवर औषधाचा नेहमीचा डोस द्या आणि अंग पुसून घ्या."

मी ठकीला औषध पाजलं, मांडीवर घेतलं आणि ओल्या फडक्याने पुसत बसले. सासूबाई तिच्या पायाचे तळवे चोळत होत्या. मशीन बंद असल्यामुळे तिचा श्वास ऐकू येत होता. आठ महिन्यांत या घरात तो ऐकू आला नव्हता. झोपताना ती नाकातून बारीक शीळ घालते, हे मला नव्यानेच कळलं.

बाविसाव्या मिनिटाला बेल वाजली. कंपनीचा मेकॅनिक दारात उभा होता. जाड हातमोजे, खांद्यावर बॅग, हातात लांबून तापमान मोजायचं पिस्तूल. माझ्या काही बोलण्याआधी तो छोट्या खोलीत शिरला. पिस्तूल मशीनवर धरलं.

"एकोणतीस," तो म्हणाला. त्याने मागून मोजलं, खालून मोजलं. मग बाहेर येऊन जरा दुखावल्या आवाजात विचारलं, "मॅडम, एकशे दोन कुठाय?"

माझ्या मांडीवरून ठकीने हात वर केला. "मी."

मेकॅनिक तिच्याकडे वळला. मग खाली बसला, हातमोजा काढला आणि पिस्तूल तिच्या कपाळासमोर धरलं.

"अडतीस पॉइंट नऊ. म्हणजे बरोबर आहे आकडा. पण मॅडम, आमच्याकडे सेल्सिअसमध्ये लिहायचं असतं."

"चुकलं माझं," मी म्हणाले. खरंच म्हणाले.

"आता आलोच आहे तर बघतो," असं म्हणून त्याने मशीन उघडलं आणि दोन मिनिटांत निदान केलं. "काही झालेलं नाही याला. पहिल्यांदा नुसती धूळ असेल, आता पंख्याची पिन सैल झालीय. रोज काढून लावत होता का?"

"तुमच्याच सूचना आहेत."

"हो, पण सूचना सगळे पाळत नाहीत ना," तो म्हणाला. "म्हणून बाकीच्यांची चालतात."

त्याने नवी पिन बसवली. 'टक्' झालं आणि जावईबापू पुन्हा गरजू लागले. मग त्याने बाहेर येऊन फॉर्म काढला आणि त्या आवाजावर ओरडून विचारलं, "बिघाड कधीपासून?"

मला वही उघडावीच लागली नाही. "तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवार, अकरा चाळीस. आधी डावा बोर्ड, चौऱ्याऐंशी अंश. आठ मिनिटांनी मधला. त्या दिवशी सकाळपासून पंख्याचा आवाज जरा चिरका येत होता."

मेकॅनिकने पेन थांबवलं. वही हातात घेतली, पानं उलटली. "मॅडम, एवढी नोंद आमच्या कंपनीतही कुणी ठेवत नाही. एक फोटो घेऊ का? नव्या पोरांना दाखवतो."

लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगते, त्या क्षणी मला शाळेतल्या बाई आठवल्या आणि मान थोडी ताठ झाली. सासूबाईंनी मेकॅनिककडे नाही, माझ्याकडे बघितलं. त्या न बोलल्या की जास्त ऐकू येतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नववा नंबर आला होता. मी छोट्या खोलीचं दार लावून घेतलं, ठकीला खांद्यावर घेतलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"बोला," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता, पण ते नीट ऐकत होते. "ताप कधीपासून आहे?"

"आज दुपारी... म्हणजे दुपारी मोजला मी."

"मोजला कधी ते नाही विचारत. अंग गरम कधीपासून लागतंय? काल संध्याकाळी होता? रात्री? सकाळी उठली तेव्हा कशी होती?"

सकाळी उठली तेव्हा. आठ वाजता एकाहत्तर. साडेआठला बहात्तर. नऊला पिना काढल्या. साडेनऊला ठकी माझ्या ओढणीला धरून उभी होती, काहीतरी म्हणत होती, आणि मी म्हणाले होते, थांब हं राणी, एवढं लिहू दे. साडेनऊला सत्तर होतं.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी हळूच नकारार्थी मान हलवली. त्याही सकाळी देवळात असल्यासारखं पाऊल न वाजवता माझ्या नोंदींना जपत फिरत होत्या. बंद दाराआडून मशीन एकसुरी गणितं सोडवत होतं.

ठकीने माझ्या खांद्यावरून तोंड उचललं. तिचे गाल पेटलेले होते. मी अडलेय, एवढं तिला कळलं, आणि आईला मदत करावी म्हणून तिने मेकॅनिकच्या हातातल्या वहीकडे बोट दाखवलं.

"आई, वहीत बघ ना," ती म्हणाली. "मी कधीपासून तापलेय?"