बेलिफाची शिफारस

वाशीमच्या टॉकीजमध्ये तिकीट काढून आत जाणारा आणि पिक्चर सुरू झाला की उठून बाहेर येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांचं नाव संपत इंगोले.

त्या काळी, म्हणजे सत्तरच्या दशकात, मुख्य पिक्चरच्या आधी दहा-पंधरा मिनिटांची सरकारी डॉक्युमेंटरी दाखवायचे. बाकीची जनता तेवढ्या वेळात पान लावून घ्यायची, ओळखीचं कोण आलंय ते पाहायची, जागेवरून भांडायची. डॉक्युमेंटरी संपत आली की सगळे आत घुसायचे, आणि त्या लोंढ्यातून इंगोले एकटे उलटे बाहेर यायचे. दारावरच्या माणसाला पहिले काही महिने वाटलं की यांचं पोट बिघडलेलं असतं. त्यानं एकदा ओव्याची पुडीसुद्धा दिली म्हणे.

मी तेव्हा कोर्टात नवा कारकून होतो आणि इंगोले आमचे बेलीफ. बेलीफ म्हणजे कोर्टाची समन्सं घेऊन गावोगाव जाणारा, सही नाहीतर अंगठा घेऊन परत येणारा माणूस. उंच, वाळका, पायात टायरच्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. हा माणूस गल्लीत शिरला की अर्धी गल्ली शेतात निघून जायची. उरलेली आजारी पडायची. दारात बेलीफ दिसून आनंद झाला असा माणूस मला तरी भेटलेला नाही.

पण इंगोलेभाऊ नुसतं समन्स बजावून निघत नसत. अंगठा उमटला, शाई पुसली, की ते तिथंच ओट्यावर बसून सांगायचे, "येत्या शुक्रवारी वाळवीवरची लागून राह्यली. जाऊन ये. झापडं निघतीन डोयाची."

झापडं निघतीन, हा त्यांचा आवडता शब्द. घाण्याच्या बैलाला बांधतात ती झापडं. प्रत्येक माणूस ती बांधूनच फिरतो आणि डॉक्युमेंटरीनं ती निघतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्या आठवड्यात काय लागणार हे त्यांना आधी कळायचं, कारण टॉकीजचा ऑपरेटर रशीदभाई त्यांचा दोस्त. रिळांचा डबा आला की रशीदभाई झाकणावरचं नाव वाचून निरोप धाडायचा. मग इंगोले माणूस पाहून शिफारस करायचे. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडणाऱ्या भावांना मुंग्यांची, सासूशी न पटणाऱ्या सुनेला समुद्रातल्या माशांची. यातला संबंध मला कधी कळला नाही. विचारलं तर म्हणायचे, "तुले कसा कयीन? तू पाह्यलीच नाई."

शेलूबाजारकडच्या एका शेतकऱ्याला त्यांनी सापावरची पाहायला लावली. सगळेच साप विषारी नसतात, धामण तर उंदीर खाऊन आपलं भलंच करते, असं त्यात होतं. तो गृहस्थ खरोखर पाहून आला. पुढं गोठ्यात धामण निघाली तेव्हा त्यानं काठी उगारणाऱ्या गड्याला थांबवलं. धामण गोठ्यात राहिली आणि बायको माहेरी गेली. तारखेला आला तेव्हा कोर्टाच्या व्हरांड्यात तो इंगोल्यांवर चांगलाच तापला. यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, धामण अजून आहे का ते विचारलं, आणि आहे म्हटल्यावर बायकोलाही तीच डॉक्युमेंटरी दाखवायचा सल्ला दिला.

शिफारस केली की पुढची पायरी चौकशीची. "पाह्यली का? मंग काय दिसलं ते सांग." इथं भलेभले फसायचे. मीही फसलो. एका शुक्रवारी मी त्यांनी सांगितलेली डॉक्युमेंटरी चुकवून नेमका पिक्चरच्या वेळेला आत शिरलो. सोमवारी फार छान होती म्हणून ठोकून दिलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, शेवटी ती म्हातारी काय बोलली ते आवडलं का? मी म्हणालो, वा, डोळ्यांत पाणी आलं. डॉक्युमेंटरी विहिरीच्या पाण्यात औषध टाकण्याची होती आणि तीत म्हातारी नव्हती.

ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले की सगळेच असं करतात. तेव्हापासून मी त्यांनी सांगितलेली एकही चुकवली नाही. भीतीपोटी म्हणा, लाजेपोटी म्हणा.

एका गुरुवारी त्यांनी रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. रजेचं कारण त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'मातोश्रींना डॉक्युमेंटरी दाखविणे.' आमचे नाझरसाहेब, म्हणजे बेलिफांचे वरिष्ठ, पोट धरून हसले. 'मातोश्रींची प्रकृती' असं लिहा, लगेच सही करतो म्हणाले. इंगोले ऐकेनात. आईची प्रकृती ठणठणीत असताना खोटं कशाला लिहायचं, असा त्यांचा सवाल. शेवटी नाझरसाहेबांनी कपाळाला हात लावून होतं त्याच अर्जावर सही केली.

मला सकाळपासून हसू आवरत नव्हतं. दुपारी चहाच्या टपरीवर मी त्यांना छेडलं की आईची कसली झापडं काढताय? तेव्हा ते बोलले. इतकी वर्षं कोणाला न सांगितलेलं बहुधा मलाच पहिल्यांदा सांगितलं, कारण माझी खोटं बोलायची हिंमत आता संपली होती हे त्यांना माहीत होतं.

त्यांना एक धाकटी बहीण होती, कमल. लग्नानंतर दोन वर्षांत तिच्या अंगावर चट्टे उठले आणि सासरच्यांनी तिला रिसोडजवळच्या तिच्या माहेरी, दारात आणून सोडलं. महारोग. गावात बोभाटा झाला. आई आणि इंगोले, दोघांनी मिळून तिला बसनं तीन तासांवरच्या एका वसाहतीत नेऊन ठेवलं. इंगोल्यांना नंतर कोणी मुलगी दिली नाही. आता कमल पूर्ण बरी झाली होती. दोन बोटं वाकडी राहिली तेवढीच. डॉक्टर म्हणत होते, घरी न्या. आई म्हणत होती, नको, ते मागल्या जन्मीचं पाप आहे.

छपन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा याच आईनं देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. इंगोले त्यावरून तिच्याशी भांडायचे. "म्या तिले म्हनलं, माय, देव सोडले, मागला जनम सोडला, मंग हे पाप कोठून आनलं?" तरीही पोरीला घरात घ्यायची आईची तयारी नव्हती.

पुढचं ऐकून माझा चहा निवला. काही वर्षांपूर्वी अकोल्याला कोर्टाच्या कामाला गेले असता वेळ काढायला म्हणून ते एका टॉकीजमध्ये शिरले होते. तिथं पिक्चरआधी महारोगावरची डॉक्युमेंटरी लागली. ती पाहून ते उठून बाहेर आले, पिक्चर त्यांना पाहवेना. तेव्हापासून ते त्या एका रिळाची वाट पाहत होते. शुक्रवारामागून शुक्रवार जात राहिले आणि वाळवी, साप, विहिरी, जे येईल ते पाहता पाहता त्यांना त्याचीच गोडी लागली. आता रशीदभाईचा निरोप आला होता. डबा आलाय. एकच आठवडा राहील, मग पुढच्या गावी जाईल.

"या टायमाले मायनं नाई आयकलं, त कमल तेथंच मरीन," ते म्हणाले.

शनिवारी दुपारच्या खेळाला मी गेलो. आईच्या एका बाजूला इंगोले, दुसऱ्या बाजूला मी, अशी त्यांनी माझी नेमणूक केली होती, कारण म्हातारी पहिल्यांदाच टॉकीजमध्ये येत होती आणि अंधारात घाबरली तर धरायला माणूस हवा. म्हातारी कसली घाबरते. जन्मभर निंदण-खुरपण केलेला तो हात तिनं माझ्या मनगटावर ठेवला आणि मीच दबून बसलो.

दिवे गेले. पडद्यावर एक वसाहत दिसली, सूत काढणाऱ्या बाया दिसल्या, चष्मेवाला डॉक्टर दिसला. मागून एक भारदस्त आवाज शुद्ध हिंदीत बोलू लागला. आणि इंगोलेभाऊंच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांच्या तयारीत एक गोष्ट राहून गेली. आईला ही असली हिंदी कळत नव्हती, आणि तिला ऐकूही कमी येत होतं.

मग ते मोठ्यानं सांगू लागले. "माय, हा डाक्टर म्हनते, हा रोग जंतूनं होते. कोनाच्या पापानं नाई."

"कोन म्हनते?" म्हातारीनं त्याहून मोठ्यानं विचारलं.

"डाक्टर."

"कोन्या गावचा?"

सगळी टॉकीज हसली. शिट्ट्या सुरू झाल्या. मागून कोणीतरी ओळखलं आणि ओरडलं की ओ बेलीफ, समन्स नंतर बजावा, आता बसा खाली. मला खुर्चीत कुठं तोंड लपवू असं झालं. इंगोले थांबले नाहीत. औषध घेतलं की रोग बरा होतो, बरा झालेला माणूस कोणाला काही करत नाही, वाकडी बोटं ही जुन्या जखमेची खूण आहे, असं एकेक वाक्य ते उभे राहून आईच्या कानाशी वाकून सांगत होते आणि ते शेवटच्या बाकापर्यंत पोचत होतं. शिट्ट्या हळूहळू कमी झाल्या. मग डाव्या कोपऱ्यातून आवाज आला, "जरा जोरानं सांगा भाऊ, इकडं आयकू येऊन नाई राह्यलं." ती भारदस्त हिंदी तिथं बसलेल्या कितीजणांना नीट कळत नव्हती, हे मला त्या दिवशी समजलं.

शेवटी पडद्यावर एका बाईनं माठातून गिलास भरला. तिची बोटं आखडलेली होती. तिनं तो डॉक्टरपुढं केला आणि डॉक्टर घटाघटा पाणी प्याला. इथं सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून इंगोलेही गप्प झाले.

म्हातारी पडद्याकडेच पाहत होती. तिनं विचारलं, "संपत, तू दर महिन्याले कमलकडं जातं ना?"

"व्हय."

"तिच्या हातचं पानी पेलास का कधी?"

इंगोलेभाऊ खाली बसले. म्हणाले, "नाई."

"खाऊ नेतं, तो कोठं देतं तिले?"

"कंपाउंडच्या भितीवर ठेवतो. मंग ते उचलते."

"मंग मले कायले दाखवून राह्यला?"

तोवर पिक्चरचं संगीत सुरू झालं होतं. आम्ही तिघं बाहेर आलो. टॉकीजच्या पायरीवर बसून इंगोलेभाऊ रडले. सगळ्या तालुक्याला शहाणं करायला निघालेला तो माणूस लहान मुलासारखा रडत होता. मी तरी प्यालो असतो का ते पाणी? मला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आज छातीठोक सांगता येणार नाही. म्हातारी त्यांच्या शेजारी बसली होती. तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि सकाळची पहिली गाडी किती वाजता असते ते मला विचारलं.

सोमवारी इंगोले कोर्टात आले ते एकटेच. कमल आली नाही का, म्हणून मी विचारलं. आई रविवारपासून वसाहतीतच थांबली होती. डॉक्टरांचा कागद आज मिळणार होता आणि मंगळवारी दुपारच्या गाडीनं दोघी मायलेकी गावी उतरणार होत्या. गावाचं काय म्हणून मी विचारलं, तर गावाला आई पाहून घेईल म्हणाले. म्हातारीचा तो हात मनगटावर आठवून मला गावाचीच काळजी वाटली.

"आणि तिथं काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "मायनं गेल्याबरोबर सांगतलं, कमल, पानी दे. तिनं तांब्या आनला. मायनं अर्धा गिलास पेला न् तोच माह्या हातात देला. म्या पेलो. कमलनं पुन्हा भरला. म्या पुन्हा पेलो. ते नुसती भरून देये. पोट डम झालं, पन पुरे म्हनता नाई आलं मले. तांब्या सरला तवा म्हनते, दादा, आखीन आनू का?"

"मग?"

"म्या म्हनलं, आन."