शीळ घालीत आणावयाच्या ताटाची हकीकत

श्रीअन्नपूर्णेस आधी नैवेद्य, मग लेखणीस हात. शके सतराशे बहात्तर, सात समुद्रांपलीकडे दक्षिणेस कापसाचे एक राज्य होते आणि तेथे थाडूससाहेब नामे धनी नांदत असत. त्यांणी हवेली बांधविली ती ऐसी, की पुढे आठ खांब ताडाएवढे, आत लाकूड, वर रंग फासून संगमरवर म्हणावयाचे. आणि झुंबरे, आणि गोल जिना. आणि हे सर्व उभे केले विकत आणिलेल्या गुलामांनी, साहेबांनी सावलीस बसून बोट मात्र दाखविले. आगीचे भयाने मुदपाकखाना वेगळा, परसात, आणि तेथून हवेलीपर्यंत छपराची लांब वाट. रांधावयास केझाबाई, तीही गुलाम. पाहुणे तिचे हातचे खाऊन बोटे चाटीत, आणि तिजला मक्याच्या कण्या. मग ताटातील कोंबडी वाटेत घटू लागली. साहेबांनी चार सरदारांसमक्ष हुकूम फर्माविला, "ताट आणिताना शीळ घालीत यावे. शीळ घालणारे तोंड खात नाही. शीळ थांबली की बाजारात विकीन, हा माझा शब्द!" केझाबाईचा नवरा साहेबांच्याच कापसाच्या मळ्यात राबे, विकली म्हणजे जन्माची ताटातूट. ती शीळ घालीत राहिली, आणि वाटेवरील झाडी एक नकल्या पक्षी होता त्याणे ती हुबेहूब उचलिली आणि दिवसभर घालू लागला. मग साहेब शीळ ऐकोन गळ्यास रुमाल बांधून बसत, आणि ताट नाहीच. यास पुरुषाची अक्कल म्हणावे! एके दिनी मेजवानी, तेच सरदार पंगतीस, शीळ वाजतेच आहे आणि ताट येईना, तेव्हां साहेब तणतणत वाटेवर आले, मागे सरदार आणि बाईसाहेब. पाहतात तो तंगडी केझाबाईचे तोंडात आणि शीळ झाडावर.

"निमकहराम! उद्या बाजार!"

केझाबाई घास गिळोन बोलली, "धनी, शीळ थांबली काय?"

"थांबली नाही, पण..."

"मग हुकूम कोठे मोडला?"

सरदार पोट धरून हसले. बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, ऐकताय ना? अजून घालतोय मेला! हुकूम देताना पक्ष्यास विचारावयाचे राहिले वाटते." त्या मुलखी चारचौघांत शब्द फिरविणे म्हणजे नाक कापून घेणे. साहेब लालबुंद होऊन बोलले, "शीळ बंद! आजपासून आधी मुदपाकात जेवावे, मग ताट आणावे."

"जी धनी," म्हणोन केझाबाईने तंगडी संपविली.

एकूण हकीकत इतकी. हवेली पाहावयास लोक अजून जातात आणि खांब पाहून साहेबांचे नाव घेतात. खांब उचलणारांची नावे कोणी लिहिली नाहीत. केझाबाईचे आम्ही लिहिले.