पिवळ्या मेजाची मोहीम

चित्त स्थिर करून ऐकावे. पत्र्याच्या शेडीत, निकामी संगणकांच्या राशींमध्ये जो संग्राम जाहला, त्याची हकीकत पदरचे काही न घालता लिहिली असे.

शेडीचे धनी म्हणजे रोजगारदाते, पर्यावरणरक्षक, भंगारोद्धारक ऐसे किताब स्वहस्ते स्वतःस बहाल केलेले तरुण उद्योजक. जन्मात एक स्क्रू खोलिला नाही, परंतु त्याविषयी व्याख्याने साठ दिली. खरा कारभार त्यांच्या सख्ख्या काकूंचा. काकूंनी यजमानांच्या दुकानी वीस वर्षे रेडिओ दुरुस्त केले होते, आणि मग शेडीत सहा बायांस हातास धरून काम शिकविले, आणि शिरस्ता घातला, की पिवळ्या मेजावर जे येईल ते विचारपूस न करिता घटकेच्या आत खोलावे. तांबे टोपलीत, सर्किटे परातीत, बॅटरी वाळूच्या बादलीत.

ऐशात नगरपालिकेचे बडे साहेब मुआयन्यास, म्हणजे पाहणीस, येणार ऐसी खबर आली. कचेऱ्यांची जुनी यंत्रे या शेडीस देण्याची सनद त्यांचे हाती. सनद न मिळे तर शेडीस कुलूप आणि सहा बाया घरी. काकूंनी सहाही बायांची हत्यारे तपासून ठेविली. धन्यांनी मात्र चाळीस चित्रांचे भाषण लॅपटॉपात भरिले आणि निश्चिंत जाहले.

मुकर्रर दिवशी धनी दाखल जाहले, आणि केस सारखे करण्यास दोन्ही हात लागतात, सबब लॅपटॉप ठेविला तो नेमका पिवळ्या मेजावर. आरशापुढील मसलत लांबली. परतोन पाहतात तो पडदा एकीकडे, कळफलक दुसरीकडे, बॅटरी वाळूत. धन्यांनी सहाही बायांस तत्क्षणी बडतर्फीचा हुकूम फर्माविला. बायांनी काकूंकडे पाहिले.

काकू मान वर न करिता म्हणाल्या, “टेबलावर तूच ठेवलास ना, बाळा? मग बाजूला हो, उजेड अडतोय.”

मग काकूंनी मोर्चा बांधिला, आणि तुटल्या तारेच्या जागी दुसरी राशीतील मृत यंत्रातून काढिली, आणि सहा बाया कुमकेस धावल्या. इतक्यात साहेब आले. धन्यांनी त्यांस कुंड्यांतील रोपे दाखविण्याची शिकस्त केली. साहेब स्टूल ओढून मेजापाशीच बसले. लॅपटॉप उजळला. धन्यांनी पहिले चित्र पडद्यावर आणिले, तो साहेब म्हणाले, “ते राहू द्या. हे काम या सगळ्यांना येतं?”

“येतं,” काकू म्हणाल्या. “मी शिकवलंय.”

सनदेवर तेथेच सही जाहली.

महिन्याने धन्यांस दूरदृष्टीबद्दल चषक मिळाला. समारंभी भाषणात काकूंचे नाव निघाले नाही. एका चित्रात त्यांचे कोपर तेवढे दिसले. धनी चषक मिरवीत शेडीत आले, आणि सर्वांस दिसावा म्हणून पिवळ्या मेजावर ठेविला, आणि केस सारखे करण्यास गेले.

बायांनी काकूंकडे पाहिले. काकूंनी क्षणभर विचार केला आणि स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला.

टोपल्या तपासून नोंद केली ती ऐसी: पत्रा बहुत, प्लॅस्टिक त्याहून बहुत, सोने औषधालाही नाही. सहा बाया कामावर कायम. शिरस्ता अबाधित. फत्ते काकूंची जाहली.